दाब बाहेरून येतो

११ फेब्रुवारी १९९६, रविवार

चर्चनंतर बेकरीत कॉफी प्यायला गेले तर पाच जण हसले. मोजून पाच. टिकानेनबाई गॅरेजात पाणबुडी बांधतेय, ही बातमी कुणीतरी फोडली होती. "आइली, त्यात वाफेचा सौना बसवणार का गं?" "वरून नळी सोडून ठेव, कॉफी ओतत जाऊ!" मी म्हटलं, "हसून घ्या. फक्त मी वर येईपर्यंत तुमच्यातले दोनेक जण जिवंत राहा, म्हणजे बघायला कुणीतरी असेल." मग विषय बर्फावर घसरला.

टाक्यांच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं मी प्रोपेन गॅसच्या टाक्या जोडल्या आणि प्रत्येकीची नोंद ठेवली. हिचीही ठेवणार, म्हणून ही वही.

काय करायचंय ते एकदा लिहून टाकते. स्लेट हार्बरच्या बाहेर चार मैलांवर, सरोवराच्या तळाशी, १८८ फुटांवर 'मार्था एल.' ही जहाजं ओढणारी टगबोट पडली आहे. १९५१ च्या नोव्हेंबरात बुडाली, तिघे गेले. बॉयलरला लावलेलं ठिगळ सुटलं आणि बॉयलर फुटला, असं चौकशीत ठरलं. ते ठिगळ त्याच उन्हाळ्यात माझ्या वडिलांनी, एइनो टिकानेन यांनी वेल्ड केलं होतं. खाली जाऊन कुणीही पाहिलं नाही. टेबलाशी बसून ठरवलं आणि बंदराच्या भिंतीवर पितळी पाटी ठोकली. वर मोठ्या अक्षरांत 'बॉयलरच्या निकृष्ट दुरुस्तीमुळे' आणि खाली तीन नावं. वडिलांचं नाव पाटीवर नाही. लागलंच नाही, गावात वेल्डर एकच होता. त्यांनी वेल्डिंगची काच खिळ्याला टांगली ती पुन्हा उतरवली नाही. सात वर्षं लाकडाच्या गिरणीत भुसा झाडला आणि गेले.

खोल बुडी मारणाऱ्या दोघांना विचारून झालं. एक नाहीच म्हणाला. दुसरा म्हणाला, जाईन, पण चांगला जोड नि वाईट जोड कसा ओळखायचा ते मला काय कळणार? बरोबर आहे. ज्याला कळतं त्यानंच जायला हवं. म्हणजे मी.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

ओन्नी राउतिओ मासा घेऊन आला. दर शुक्रवारी येतो, मी शाळेत होते तेव्हापासून. 'मार्था एल.'वरून जिवंत आलेला तो एकटा. तेव्हा अठरा वर्षांचा होता, भट्टीत कोळसा घालायचा. खालून धडाका ऐकू आला, असं त्यानंच चौकशीत सांगितलं. मी त्याला कधी दोष दिला नाही. पोरानं ऐकलं ते सांगितलं. उलट वडील गेल्यावर आईला या मासळीचा केवढा आधार झाला.

आज नेहमीसारखा बसला नाही. टोपी हातात धरून उभाच.

"ऐकतोय ते खरं का गं?"

"खरं."

"अगं, तिथे अडीचशे फूट पाणी आहे."

"चौकशीच्या नकाशात एकशे अठ्ठ्याऐंशी लिहिलंय."

"नकाशा! माझी जाळी तिथे चाळीस वर्षं फाटतायत. अडीचशे म्हणतो मी. आणि मिळणार काय तुला? गाळ."

"गाळ तर गाळ. डोळ्यांनी बघेन."

कॉफी अर्धी टाकून गेला. वय झालं त्याचं, आकडे विसरायला लागला. हेल्मीनं नेहमीप्रमाणे मासा माझ्याच ताटात वाढला. माझी ही बहीण सरोवराकाठी जन्मली, सहासष्ट वर्षं सरोवराकाठी राहिली आणि तिला मासे आवडत नाहीत. लहानपणी काटेसुद्धा चोखून खायची.

९ मार्च, शनिवार

घरगुती पाणबुड्या बांधणाऱ्या वेड्यांचं एक पत्रक निघतं. त्यात पत्ता मिळाला म्हणून हॅलिफॅक्सच्या एका मिस्टर पर्सेलना माझी चित्रं पाठवली होती. जहाजाच्या गोदीत नकाशे काढून निवृत्त झालेत. उत्तर आलं. अक्षर इतकं नीटस की रागच येतो.

लिहितात: "मिस टिकानेन, पाव इंच जाडीचा पत्रा, तीन फूट व्यास, सात फूट लांबी, हे सगळं ठीक. पण आतून चार रिंगा घाला. आणि नळकांडं किती गोल आहे ते चोवीस ठिकाणी मोजून मला कळवा. मोजल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नका."

चार रिंगा! म्हणजे आत बसायला राहिली किती जागा? माझे गुडघे काय कापून ठेवू? सत्तावीस वर्षांत एका टाकीला मी रिंग लावली नाही आणि माझी एक टाकी फुटली नाही. गोदीतले लोक कागदावर जहाजं बांधतात. मी हातानं बांधते.

३० मार्च, शनिवार

जिंकले!

पिंप तयार झालं. दोन्ही टोकांना घुमट, वर झाकण, पुढे जाड काच. कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे आत काठोकाठ पाणी भरलं आणि पंप लावला. आम्ही त्याला 'फुगवणं' म्हणायचो. पन्नास पौंड, शंभर, दीडशे, दोनशे. १८८ फुटांवर चौरस इंचाला ब्याऐंशी पौंड दाब असतो, मी त्याच्या अडीचपट दिला. एक थेंब गळला नाही. अख्ख्या जोडावरून हात फिरवला, कोरडा ठणठणीत. मग छिन्नी घेऊन जोडाशेजारी माझी खूण ठोकली, एक वर्तुळ नि त्यात आ. वडील एका वर्तुळात ए ठोकायचे.

पर्सेलसाहेबांना एका ओळीचं कार्ड टाकलं: "दोनशे पौंड, शून्य गळती, शून्य रिंगा."

१२ एप्रिल, शुक्रवार

पर्सेल यांचं उत्तर दोन ओळींचं: "अभिनंदन. तुमची प्रोपेनची टाकी उत्तम आहे. पाणबुडीचं काय?"

मी ते कार्ड हेल्मीला तावातावानं वाचून दाखवलं. ती कुणाच्या तरी लग्नाच्या झग्याला अस्तर लावत होती. सगळं गाव तिच्याकडे कपडे शिवतं. म्हणाली, "मोज म्हणतोय तर मोज ना."

"मोजलंय. सगळीकडून तीन फूट भरतंय."

"आडवी पट्टी धरून? कमरेचा घेर बरोबर असला म्हणजे झगा बसतो होय? पाठीचा बाक वेगळा मापावा लागतो."

दुपारी शिवणाच्या कात्रीनं तिनं पुठ्ठ्याची एक कमान कापली, बरोबर तीन फूट व्यासाच्या वर्तुळाचा तुकडा, आणि गॅरेजात येऊन पिंपावरून सरकवत निघाली. सगळीकडे पुठ्ठा अंगाला चिकटून. जोडापाशी आली आणि पुठ्ठ्याच्या दोन्ही टोकांखाली उजेड दिसायला लागला. जोडाच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच पत्रा सपाट आहे.

हे मला नवीन नाही. पत्रा रोलमधून काढताना त्याच्या कडा सपाटच राहतात, यंत्राची पकड तिथे पोचत नाही. कारखान्यात सगळ्यांना माहीत असतं. टाकी फुगवली की आतल्या दाबानं ती आपोआप गोल होत जाते. मी हेल्मीला तसं सांगितलं.

"मग तू आतून फुगवून घेणार आहेस का खाली?"

"तू झगे शिव गं बाई."

पुठ्ठा तिथेच ठेवून गेली. फेकणार होते, पण राहिला कोपऱ्यात. जोड सगळ्यात बळकट असतो, हे मला कुणी शिकवायला नको. माझी खुर्ची मी त्या जोडाला पाठ लावूनच बसवणार आहे, म्हणजे लोकांच्या जिवाला शांतता.

२७ एप्रिल, शनिवार

हेल्मीनं मला फसवलं.

आमच्या घरचा नियम आहे, सौनात भांडायचं नाही. आईच्या वेळचा, तिच्या आईच्या वेळचा. आवाज चढवायचा नाही, शिवी नाही, 'नाही' म्हणायचं असलं तरी हळू. वरच्या फळीवर घामानं निथळत बसलो होतो. हेल्मीनं तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं, वाफ खाली येईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "पहिल्यांदा ते रिकामंच खाली सोडायचं. दोरीला बांधून. मग तू."

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"वेळ जातो त्यात," हळूच म्हटलं.

"पंचेचाळीस वर्षं गेली. आणखी एक दुपार."

"माझ्या कामावर विश्वास नाही तुझा."

"बाबांच्या कामावर आहे. तुझ्या कामावर आहे. पाण्यावर नाही." आणि मग, दगडांकडे बघत, "मला घरात एकटीनं राहायचं नाहीये, आइली."

बाहेर असते तर दहा मुद्दे काढले असते. आत बसून हो म्हणावं लागलं. सौनात दिलेला शब्द मोडता येत नाही, तोही आईच्याच वेळचा नियम. हे तिला चांगलं माहीत होतं.

२१ मे, मंगळवार

बंदरातलं बर्फ गेलं. ओन्नीच्या मासेमारीच्या बोटीवर तार सोडायची-ओढायची विंच आहे, ती मागितली. नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण रिकामं सोडायचंय म्हटल्यावर लगेच तयार झाला. पिंपाखाली रेल्वेच्या रुळांचे तुकडे बांधले, नाहीतर ते बुडायचंच नाही.

पन्नास फूट. शंभर. मी बोटीच्या काठाशी शीळ घालत होते, खोटं कशाला सांगू. एकशे तीस. एकशे चाळीस.

एकशे पन्नासला तारेतून एक ठोका आला. आवाज नव्हे. तळपायांना कळला. सगळी बोट एकदा दचकल्यासारखी हलली आणि तार थरथरत राहिली. ओन्नीचा चेहरा कागदासारखा झाला.

वर काढलं. जोडाच्या लांबीभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पत्रा आत गेला होता. कुणी पाय देऊन डबा चेपावा तसा. समोरच्या भिंतीला टेकायला हातभर अंतर राहिलं होतं. माझी खुर्ची बरोबर तिथे बसणार होती.

आणि जोड शाबूत. एक चीरसुद्धा नाही. आत बोटभर पाणी नाही. माझ्या हातचा जोड तुटला नाही, आणि तरी मी मेले असते.

२२ मे, बुधवार

काही नाही.

२४ मे, शुक्रवार

दोन दिवस गॅरेजात त्या चेपलेल्या पिंपासमोर बसून काढले. आज कळलं. साठाव्या वर्षी आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर कळलं, लिहायला लाज वाटते पण लिहिते.

आयुष्यभर मी आतल्या दाबाशी व्यवहार केला. आतला दाब भला असतो. तो चुका सुधारतो. पत्रा वाकडा असला तर ढकलून गोल करतो. फुटला तर जोडापाशी फुटतो, म्हणून आम्ही जोडाला जपायचो आणि बाकी सोडून द्यायचो. बाहेरचा दाब याच्या उलट. तो जोडाकडे बघतच नाही. तो सगळीकडून चाचपत राहतो आणि जिथे जरा सपाट सापडलं तिथे गुडघा रोवतो. एकदा आत गेलं की आणखी आत. पिंप गोल असेल तर तोच दाब त्याला घट्ट धरून ठेवतो. म्हणून रिंगा. म्हणून चोवीस ठिकाणी माप. म्हणून हेल्मीचा पुठ्ठा.

ओन्नी मासा घेऊन आला. "सुटलीस बाई. आता ते खूळ सोड," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. इतका जीव लावतो, मला नव्हतं माहीत.

मी म्हटलं, "सोड काय? आता कुठे मला बांधता यायला लागलंय."

बेकरीत 'टिकानेनबाईचा डबा' म्हणून नवी थट्टा निघाली आहे. मी चेपलेलं पिंप घरासमोर रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवलं. बघा, फुकट आहे. हेल्मीनं त्याच्या खड्ड्यात माती भरून फुलझाडं लावली.

पर्सेलना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. शेवटी एवढंच राहिलं: "तुमचं बरोबर होतं. रिंगा कुठे लावू ते सांगा."

१३ जून, गुरुवार

पर्सेल हा भला माणूस आहे. 'मी सांगितलं होतं' असं एकदाही लिहिलं नाही. सहा पानं आकडेमोड आणि शेवटी: "माझं पहिलं पिंप एकशे दहा फुटांवर गेलं. ते मी अजून परसात ठेवलंय." त्यांना हेल्मीच्या फुलझाडांचा फोटो पाठवला.

नव्या पत्र्याच्या कडा आधी दाबयंत्राखाली वाकवून घेतल्या, मग रोल केला. काम कटकटीचं. दोनदा फसलं, दोनदा पुन्हा केलं.

१३ जुलै, शनिवार

चार रिंगा बसल्या. गुडघे छातीशी घेऊन बसावं लागतं. बसेन.

हेल्मी गॅरेजात चष्मा लावून बसली आणि पुठ्ठ्याची कमान घेऊन चोवीस खुणा तपासल्या, प्रत्येक रिंगपाशी आणि दोन रिंगांच्या मधेही. सगळं मी लिहून घेत होते. मुलखाची चिकट बाई. एका जागी उजेड दिसला, सूतभर. मी म्हटलं, "सूतभर चालतं, पर्सेलनी लिहिलंय." म्हणाली, "त्यांना चालत असेल." ती जागा जॅक लावून पुन्हा सरळ करायला लावली.

या वेळी आतून फुगवलं नाही. सरळ ओन्नीच्या बोटीवर, सरोवरात आणखी आत नेऊन, रिकामं, तीनशे फुटांपर्यंत. दोन तास खाली ठेवलं. वर आलं तसंच्या तसं. हेल्मीनं ओल्या पत्र्यावरून पुठ्ठा फिरवला आणि फक्त मान हलवली.

४ ऑगस्ट, रविवार

ओन्नी म्हणतो विंच बिघडली. परवापर्यंत चालत होती. मी म्हटलं, "दाखव, मी दुरुस्त करते." म्हणतो, "सुटा भाग मागवावा लागेल, ऑक्टोबर उजाडेल." ऑक्टोबरात वादळं सुरू होतात, म्हणजे वर्ष गेलं.

घरी येऊन आदळआपट केली. हेल्मी शिवणावरून उठली, कोट घातला, एकटीच त्याच्याकडे गेली आणि पाऊण तासानं परत आली. "चौदा तारखेला, बुधवारी सकाळी आठला निघायचं," म्हणाली.

"काय सांगितलंस त्याला?"

"म्हटलं, एइनो टिकानेनच्या मुलींना तू नेलं नाहीस तर दुसरं कुणी नेईल. तुझ्या बोटीतून गेलेलं बरं."

यात एवढं काय मन वळण्यासारखं होतं, मला समजलं नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

सगळं लिहिते.

नऊ वाजून दहा मिनिटांनी झाकण लावलं. बोटीपर्यंत टेलिफोनची तार होती, वरच्या टोकाला हेल्मी. बुडण्यासाठी बाहेर लावलेल्या टाक्यांत पाणी घेतलं आणि उजेड हिरवा होत होत गेला. शंभर फुटांवर नुसता करडा. एकशे पन्नासला मी श्वास धरला. पत्र्यावर हात ठेवला. एक बारीक कुरकुर झाली, रिंगांनी भार घेतला, बस्स.

"बोल काहीतरी," हेल्मी तारेवर.

"गुडघे दुखतायत."

"दुखू देत."

एकशे अठ्ठ्याऐंशी. फूट इकडे नाही की तिकडे नाही. दिवा लावला. आमच्या सरोवराचं पाणी थंड नि गोडं, लोखंडाला फार त्रास देत नाही. 'मार्था एल.' कलती पडली आहे. वरची केबिन निघून गेलेली, बॉयलर उघडा. मागचा छोटा पंखा फिरवत मी हळूहळू त्याच्या बाजूनं गेले आणि बघून रडायलाच लागले, कारण हे मी आधी पाहिलं होतं. रस्त्याच्या कडेला, फुलझाडांसकट.

बॉयलर आत चेपलेला आहे. एका बाजूनं, लांबीभर खड्डा. पत्रा कुठेही बाहेर उलगडलेला नाही. आतून फुटला असता तर कडा बाहेर वळल्या असत्या, हे आता मी झोपेतही सांगेन. तो फुटलाच नाही. बंद, धडधाकट असा बुडाला आणि खाली जाताना पाण्यानं बाहेरून चेपला. मे महिन्यात माझी फजिती झाली नसती तर हा खड्डा बघून मीसुद्धा म्हटलं असतं, गेला वाटतं फुटून.

आणि खड्ड्याच्या काठावर ते ठिगळ. चारी बाजूंनी जोड अखंड. वडील डावखुरे होते, त्यांच्या वेल्डच्या लाटा उलट्या बाजूला झुकतात. तशाच होत्या. कोपऱ्यात वर्तुळ, त्यात ए.

मी तारेवर ओरडले, "हेल्मी! ठिगळ शाबूत आहे! बॉयलर फुटलेलाच नाही!"

वरून हेल्मीचा आवाज, "पुन्हा सांग. मोठ्यानं. ओन्नीला ऐकू जाऊ दे."

पुन्हा सांगितलं.

वीस मिनिटं राहिले. नोंद पुरी असावी म्हणून बाकीचंही लिहिते: मागच्या डेकवरचं इंजिनखोलीचं मोठं झाकण उघडं आहे, आकड्याला अडकवून ठेवलेलं. सुकाणू मोडलेलं. एक बूट दिसला. मला यातलं काही बघायचं नव्हतं.

वर आले तर ओन्नी दोर हेल्मीकडे देऊन कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. बासष्ट वर्षांचा माणूस, वारा गार होता. माझा कोट त्याच्या अंगावर घातला.

१७ ऑगस्ट, शनिवार

काल शुक्रवार होता, ओन्नी आला नाही. आज आला, मासा न घेता. हेल्मी आणि मी सौनातून निघून बाहेरच्या ओसरीवरच्या बाकावर बसलो होतो, अंगाला टॉवेल. तो ओसरीच्या पायरीवर बसला. ओसरीही सौनाचाच भाग धरतात. त्यानं जागा विचार करून निवडली होती.

"झाकण उघडं होतं ना?" त्यानं विचारलं.

"कुठलं?"

"मागचं. आकड्याला अडकवलेलं."

मी हो म्हटलं. मग तो जमिनीकडे बघत बोलत राहिला. भट्टीपाशी उकडत होतं म्हणून त्यानं झाकण उघडून आकड्याला लावलं होतं. वारा फिरला, कॅप्टननं ओरडून सांगितलं, झाकण लाव. तो म्हणाला, लावतो. एवढा फावडाभर कोळसा टाकतो नि लावतो. मागून एक लाट आली, मग दुसरी. इंजिनखोली भरली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"आणि धडाका?"

"खाली गेल्यावर झाला, आइली. बोट दिसेनाशी झाल्यावर. मी फळीला धरून होतो, पोटात ठोका बसला. मे महिन्यात बसला ना, तसाच. चौकशीत कोटवाले चार जण होते. त्यांनी विचारलं, धडाका ऐकलास का. मी म्हटलं, हो. आधी की नंतर, ते त्यांनी विचारलंच नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"नाही."

"पंचेचाळीस वर्षं."

"मासे आणत होतो," तो म्हणाला. इतक्या बारीक आवाजात म्हणाला की मला त्याचा गळा धरावासा वाटला.

मी उठले. टॉवेल आवळला, तीन पायऱ्या उतरले, अनवाणी गवतात ओसरीपासून वीस पावलं चालत गेले, आणि मग वळून जे आलं ते बोलले. इथे लिहीत नाही. समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. माझे वडील भुसा झाडत मेले आणि हा माणूस आमच्या टेबलाशी बसून कॉफी पीत होता! "पुन्हा या दारात मासा दिसला तर तुझ्यासकट पाण्यात टाकीन," हे शेवटचं.

तो गेल्यावर हेल्मीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. पण त्याचा मासा मला गिळवत नव्हता. गुन्हा केल्याशिवाय कुणी इतकी वर्षं मासे आणत नाही."

"मला का नाही बोललीस?"

"संशय होता. तुला दाखवता येईल असं काही नव्हतं."

२५ ऑगस्ट, रविवार

चर्च सुटायच्या आधी दहा मिनिटं बंदरावर गेले. धातू घासायचा ग्राइंडर, चष्मा, वडिलांची चामडी हातमोज्यांची जोडी. मासळीच्या शेडमधून वीज घ्यायची होती, पण वायर पाटीपर्यंत पुरेना. चार हात कमी.

मी तिथे उभी राहून चडफडत होते तेवढ्यात ओन्नी आला. चर्चचा काळा कोट, खांद्यावर वायरचं वेटोळं. त्यानं वायर जोडली आणि भिंतीशी येऊन दुसरं टोक हातात धरून उभा राहिला.

पितळ मऊ असतं. 'निकृष्ट'चा 'नि' आधी गेला. मग बाकीचं. ठिणग्या उडत नाहीत पितळाच्या, नुसती पिवळी भुकटी. ती बुटांवर पडत राहिली. एव्हाना चर्च सुटलं होतं आणि बेकरीकडे जाणारे सगळे आमच्याकडे वळले. ते पाचही जण होते. नगर कार्यालयातला बार्नी कोल्ब धावत आला.

"आइली! अगं सार्वजनिक मालमत्ता आहे ती! परवानगी कुणाची?"

"एइनो टिकानेनची."

"हे बघ, मला शेरीफला बोलवावं लागेल—"

"बोलव. तो येईपर्यंत पुरं होईल."

मी थांबले नाही. शेवटचं अक्षर घासलं आणि यंत्र बंद केलं. एकदम शांत झालं. ती तीन नावं तशीच होती, त्यांना मी धक्का लावला नव्हता. त्यांच्या वर लखलखीत कोरी पट्टी. कोल्ब म्हणाला, "वा! छान! आता या जागी काय लिहायचं, तेही सांग."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण ओन्नी पुढे झाला. टोपी काढली. वायर अजून हातातच होती.

"लिहा, झाकण उघडं होतं," तो म्हणाला. "बॉयलर चांगला होता. झाकण मी उघडं ठेवलं होतं. ओन्नी राउतिओनं." त्याला वाटलं मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, अधिक मोठ्यानं. कुणी हसलं नाही. कोल्बनं शेरीफला बोलावलं नाही.

मी ओन्नीला माफ केलेलं नाही. करेन की नाही, माहीत नाही. त्याच्या हातातून वायर घेतली आणि गुंडाळायला लागले, कारण ओली जमीन होती आणि माणसं वायरवर पाय देत होती. दुसऱ्या टोकाकडून तोही गुंडाळत आला.

हेल्मी गर्दीतून पुढे आली. पर्समधून शिवणाची टेप काढली, चष्मा लावला आणि कोऱ्या पट्टीचं माप घेतलं, आधी लांबी, मग रुंदी.

"सव्वीस इंच," ती कोल्बला म्हणाली. "'बॉयलर चांगला होता' आणि त्यापुढे बाबांचं नाव, दोन्ही बसेल. लिहून घ्या."